जुनी लाकडी बोट : हौस आणि हिशोब

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी डॉक्टर, प्राध्यापक, झालंच तर एखादे निवृत्त मोठे साहेब बोलतात. यंदा आपल्या सचिवांनी माझ्यासारख्या डिप्लोमावाल्याला उभं केलं आहे आणि विषय दिला आहे बोटीचा. त्यामागचं कारण मला ठाऊक आहे. आपल्या कॉलनीतले दोन-तीन जण येत्या काही वर्षांत निवृत्त होत आहेत. रविवारी सकाळी विशाखापट्टणमच्या फिशिंग हार्बरवर मासळी आणायला जायचं, तिथे रांगेने उभ्या असलेल्या बोटी बघायच्या, कुणीतरी सांगतं की अमुक बोट विकायची आहे, स्वस्तात मिळेल, आणि मग संध्याकाळी माझ्याकडे चौकशी येते: "काय हो, तुमची बोट आहे ना कोकणात? परवडते का?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की एकदाच सगळ्यांना मिळून उत्तर द्यावं हे बरं.

आधी माझी बोट म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर मला मोठा बोटमालक समजाल. मी देवगडचा. वडिलांनी आणि माझ्या थोरल्या काकांनी मिळून १९८९ साली एक लाकडी ट्रॉलर बांधून घेतला. लांबी ४२ फूट, सहा सिलिंडरचं लेलँडचं इंजिन. वडील गेल्यावर त्यांचा वाटा माझ्याकडे आला. बोट चालवतो माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, आणि अलीकडे त्याचा मुलगा. मी सुट्टी काढून जातो तो पावसाळ्यात, बोट किनाऱ्यावर ओढलेली असते तेव्हा. म्हणजे बोटीचं समुद्रावरचं रूप मी फार थोडं पाहिलं आहे. मी पाहतो ते तिचं पोट.

रेल्वेच्या मित्रांसाठी इथेच एक गोष्ट सांगून टाकतो. आपण नोकरीत आहोत तोवर आपल्याला मासेमारीचा धंदा करता येत नाही. रेल्वे सेवा आचरण नियम १९६६ मधला १५ वा नियम खासगी धंद्याबद्दल आहे आणि १८ वा मालमत्तेच्या व्यवहारांबद्दल. दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून मोठा जंगम मालमत्तेचा व्यवहार असेल तर कार्यालयाला कळवावं लागतं, आणि बोट ही जंगमच. माझा वाटा वारसाहक्काचा आहे, तो मी रीतसर कळवलेला आहे, बोट नोंदलेली आहे दादाच्या नावावर. तेव्हा ज्यांची नोकरी पाच वर्षं बाकी आहे त्यांनी "मेव्हण्याच्या नावावर घेतो" असले बेत करू नयेत. निवृत्तीनंतर मोकळे आहात.

आता ओढ कसली, ते सांगतो. कारण हिशोबावर आलो की ती सांगायची राहून जाईल.

मी नोकरीला लागलो तेव्हा शेडमध्ये सगळीकडे अल्कोची इंजिनं होती. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. १९६२ साली ही इंजिनं अमेरिकेहून आली आणि १९६४ पासून वाराणसीला बनू लागली. ज्यांनी त्यांच्यावर हात काळे केले आहेत त्यांना माहीत आहे, लांबून आवाज ऐकून कोणता सिलिंडर कमी मारतो आहे ते सांगणारे मिस्त्री आपल्याकडे होते. आता ब्रॉडगेजचं विद्युतीकरण जवळजवळ पुरं झालं आहे. चांगलंच झालं, देशाचं डिझेल वाचलं, धूर गेला. पण पंचवीस वर्षं कानात जो आवाज बसला आहे त्याचं काय करायचं? माझा तो आवाज देवगडच्या खाडीत शिल्लक आहे. जुन्या बोटीचं इंजिन साधं. त्यात संगणक नाही, सेन्सर नाही. कानाने, नाकाने आणि हाताच्या तळव्याने त्याचा आजार कळतो. आपल्यासारख्यांना जुन्या बोटीची भुरळ पडते ती बहुधा इथेच. आपल्या हाताला अजून काम आहे असं ती सांगते.

दुसरी ओढ लाकडाची. कोकणात बोटीला साग, ऐन, फणस, आंबा, उंडी अशी लाकडं वापरत आले आहेत. ज्या भागाला जे सोसेल ते. बोटीचा कणा, ज्यावर सगळी बांधणी उभी राहते, त्याला आमच्याकडे पठाण म्हणतात. पुढच्या उभ्या टोकाला नाळ. आमच्या बोटीचं काम करणाऱ्या मेस्त्रींनी कधी नकाशा काढला नाही. डोळ्याने बघून बरगडी वाकवायची, फळी बसवायची, पुन्हा मागे जाऊन बघायचं. आणि तरीही दोन्ही बाजू सारख्या. आपण एका इंजिनच्या बोगीला किती गेज लावतो, आठवून बघा! असे मेस्त्री आता फार कमी राहिले. त्यांची मुलं फायबरच्या साच्यात काम करतात किंवा मुंबईत फर्निचर करतात. त्यामुळे जुनी बोट घेणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो बोटीबद्दल नव्हे, मेस्त्रीबद्दल: दुरुस्तीला माणूस आहे का, आणि त्याचं वय किती?

आता बोट बघायला कसं जायचं ते. आमच्या नागपूर-गोंदियाच्या मित्रांना वाटतं की रंग बघायचा. रंग सगळ्यात शेवटी. विकायला काढलेल्या बोटीला रंग हमखास नवा असतो. बोट पाण्यात असताना बघून सौदा कधीही करू नका. किनाऱ्यावर ओढून घ्यायला लावा. विकणारा तयार नसेल तर चहा पिऊन परत या.

बोट वर आली की आधी लांब उभं राहून तिची कड बघायची, आपण रुळाला डोळा लावतो तशी. काठाची रेघ पुढून मागे एकाच सुरेख वळणाने गेली पाहिजे. मध्ये उंच आणि दोन्ही टोकांना पडलेली दिसली तर कणा वाकला आहे. अशी बोट फुकट मिळाली तरी महाग. मग हातोडी घ्यायची. पूर्वी गाडी स्टेशनात आली की परीक्षक चाकांवर हातोडी मारत जायचा, आवाजावरून चीर कळायची. अगदी तेच. चांगली फळी टणत्कार देते, कुजलेली भद् वाजते. जिथे शंका आली तिथे टोच्या घालून बघायचा. टोच्या सहज आत गेला तर पुढे बोलायचं कारण नाही.

कुठे वाजवायचं? पाण्याची रेघ जिथे येते तो पट्टा, कारण तिथे लाकूड सारखं ओलं-कोरडं होतं. इंजिनाखालचे ठोकळे, कारण तिथे तेल आणि हादरे. आणि डेकचे कोपरे. हा तिसरा भाग लोक विसरतात. लाकडाला खारं पाणी तितकं कुजवत नाही जितकं गोडं पाणी कुजवतं. समुद्रात बुडालेला भाग वर्षानुवर्षं टिकतो आणि पावसाचं पाणी साचलेला कोपरा दोन पावसाळ्यांत भुसा होतो. म्हणून कोकणात बोट ओढली की तिच्यावर झावळ्यांचे झाप घालून शाकारतात, हल्ली प्लास्टिक घालतात. प्लास्टिक घातलंत तर दोन्ही टोकांनी वारा खेळता ठेवा, नाहीतर आत वाफ धरते आणि पाऊस लागला असता तर बरं असं होतं.

पाण्याखालच्या भागाचा शत्रू वेगळा. लाकूड पोखरणारा समुद्री किडा. किडा म्हणतात, पण तो खरं तर शिंपल्याच्या कुळातला आहे. आपण तिसऱ्या आवडीने खातो, त्यांचाच हा लांबचा भाऊबंद. लहान असताना टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून शिरतो आणि आत राहून वाढतो. बाहेरून फळी धडधाकट, आतून मधाच्या पोळ्यासारखी. त्याला दोन गोष्टी मानवत नाहीत, कोरडेपणा आणि गोडं पाणी. म्हणून दरवर्षी काही आठवडे बोट वर ओढून सुकवणं ही चैन नव्हे, औषध आहे. पूर्वी तळाला मोरीच्या यकृताचं तेल चोपडायचे, काजूच्या टरफलांचं तेलही लावतात. वास असा, की आमच्या सौभाग्यवतीने माझा तो शर्ट परत घरात घेतला नाही. हल्ली तांब्याचा अंश असलेले रंग मिळतात. कोचीला १९५७ पासून केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्था आहे, तिचं एक केंद्र इथे आपल्या विशाखापट्टणमलाही आहे. लाकडावर कोणती प्रक्रिया करावी, वरून पत्रा की फायबर चढवावं, यावर त्यांनी पुष्कळ काम केलेलं आहे. बोट घेण्याआधी तिथे एक फेरी मारायला पैसे पडत नाहीत.

आणखी एक गंमत. महिनाभर सुकलेली बोट पाण्यात सोडली की ती गळते. फळ्या आकसलेल्या असतात, सांधे उघडतात. नवखा मालक घाबरतो. एक-दोन दिवसांत फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि सांधे आपोआप बसतात. तोवर पंप लावून जागायचं. दोन दिवसांनंतरही तेवढंच पाणी येत असेल तर मात्र सांध्यातला कापूस आणि वरची राळ गेली आहे, ती काढून पुन्हा भरावी लागेल.

इंजिनाबद्दल आपल्याला मी काय सांगणार! तरीपण. इंजिन थंड असताना जा. तुम्ही पोचण्याआधी कुणी ते चालू करून तापवून ठेवलं असेल तर त्यामागे कारण असतं. निळा धूर म्हणजे तेल जळतं आहे, काळा म्हणजे नोझल किंवा जादा भार, पांढरा थांबला नाही तर पाण्याचा संशय. तेल भरायचं झाकण उघडून बघा, भकाभक वाफ येत असेल तर रिंगा गेल्या. शेडमध्ये आपण तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतो. बंदरावर प्रयोगशाळा म्हणजे खलाशाचा तवा. तापल्या तव्यावर तेलाचा थेंब टाकायचा, तडतडला तर तेलात पाणी आहे. हे मी माझ्या पुतण्याला शिकवलं आणि आता तो बंदरभर लोकांची तेलं तळत फिरतो.

ट्रकचं इंजिन बोटीत बसवताना एक मोठा फरक असतो, थंड करण्याचा. रेडिएटर नाही. इंजिनातलं गोडं पाणी समुद्राच्या पाण्याने थंड करायचं. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपात रबरी चक्री असते, दोनशे-तीनशे रुपयांचीही असते, हजाराचीही असते. पाणी ओढण्याच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी चिकटली की चक्री कोरडी फिरते आणि मिनिटा-दोन मिनिटांत तिचे तुकडे होतात. मग किनारा दिसत नाही अशा जागी चाळीस फुटी बोट ओंडक्यासारखी तरंगत राहते. आमच्या बोटीवर दोन चक्र्या आणि त्या बसवायची हत्यारं एका डब्यात कायम असतात. त्या डब्याला कुणी हात लावायचा नाही, हा दादाचा कायदा आहे.

शाफ्ट जिथे बोटीतून बाहेर पडतो तिथली ग्लँड बघा. शाफ्ट फिरताना तिच्यातून थेंब थेंब पाणी आलंच पाहिजे, त्यानेच दोरी थंड राहते. एकदम कोरडी ग्लँड बघून खूश होऊ नका, कुणीतरी ती आवळून ठेवली आहे आणि आत शाफ्ट खाल्ला जातो आहे. गिअरबॉक्स आणि शाफ्टची कपलिंग जुळवायची ती बोट पाण्यात असतानाच. लाकडी बोट जमिनीवर एका आकारात असते आणि पाण्यात थोड्या वेगळ्या. किनाऱ्यावर फीलर गेज लावून अगदी शून्यावर आणलेलं काम पाण्यात दहा थाऊने चुकतं. मला हे दादाने सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. दुसऱ्या दिवशी त्याने मोजून दाखवलं.

आणि धातू. पितळी पंखा, पोलादी शाफ्ट, लोखंडी मोळे, भोवती खारं पाणी: ही एक मोठी बॅटरीच झाली. त्यात जो धातू दुबळा तो झिजतो. म्हणून जस्ताचे ठोकळे लावतात, आधी त्यांनी झिजावं. मोळ्यांभोवती लाकूड काळं पडून मऊ झालेलं दिसलं तर ते नुसतं गंजणं नव्हे. त्या विद्युत-रासायनिक क्रियेने लाकूडही खराब होतं. विजेच्या तारा दोन्ही स्वतंत्र न्यायच्या, बोटीच्या सांगाड्यातून अर्थिंग घ्यायचं नाही. इलेक्ट्रिकलच्या मित्रांनी मान हलवली, आभारी आहे.

आता पैशांकडे येतो. हॉलमध्ये शांतता वाढलेली मला दिसते आहे.

बोटीची किंमत हा सगळ्यात छोटा आकडा असतो. मोठा आकडा डिझेलचा. हिशोब सोपा आहे. शंभर अश्वशक्तीचं इंजिन पाऊण भारावर चाललं तर तासाला सुमारे १६ लिटर खातं. चार दिवसांची फेरी, दिवसाला १५ तास इंजिन, म्हणजे ६० तास. झाले ९६० लिटर. लिटरला ९० रुपये धरा, ८६,४०० रुपये. बर्फ, रेशन, पाणी, जाळ्याची दुरुस्ती अजून बाजूलाच. म्हणजे बोट धक्का सोडते तेव्हाच लाखभर रुपये पाण्यात गेलेले असतात, आणि मासा मिळेल की नाही ते मासाच जाणे. महाराष्ट्रात मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो, पण तो मागाहून मिळतो आणि उधारी आधी फेडावी लागते. या धंद्यात नफ्यापेक्षा हातातली रोकड महत्त्वाची.

इथे आपल्याला एक गोष्ट करता येते. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे दहा टक्के कमी केले तर शक्ती सत्तावीस टक्क्यांनी उतरते. मासेमारीच्या जागेवर पोचायला अर्धा-पाऊण तास जास्त लागेल, पण डिझेल वाचेल. तांडेलाला हे पटवणं अवघड आहे, कारण आधी पोचणाऱ्याला भाव चांगला मिळतो हेही खरंच आहे. परत येताना घाई, जाताना सावकाश, अशी आमची तडजोड झाली आहे. तसंच तळाला बार्नॅकलचं कवच धरलं की तेच इंजिन तेवढ्याच वेगाला पुष्कळ जास्त डिझेल पितं. रंगाचे पैसे वाचवणारा माणूस ते पंपावर देतो.

वर्षातले ६१ दिवस बोट बंद. २०१५ पासून केंद्राच्या आदेशात पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि इकडे पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून असा बंदीचा काळ आहे. माशांच्या विणीसाठी तो हवाच. आमच्याकडे तर पूर्वापार नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय बोट सोडत नसत. पण त्या काळात उत्पन्न शून्य आणि खर्च सगळ्यात जास्त, कारण दुरुस्ती तेव्हाच. त्यात वादळाचे दिवस धरा. २०१९ च्या ऑक्टोबरात 'क्यार' आलं तेव्हा देवगडच्या बंदरात कुठकुठल्या बोटी आसऱ्याला येऊन उभ्या होत्या. इथे २०१४ च्या १२ ऑक्टोबरला 'हुदहुद'ने हार्बरचं काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आणि १९ नोव्हेंबर २०२३ ची रात्र. हार्बरला आग लागली, चाळीसच्या आसपास बोटी जळाल्या. शेजारी शेजारी बांधलेल्या बोटी, टाक्यांत डिझेल, स्वयंपाकाचे सिलिंडर. एकीची आग सगळ्यांना. विमा घेताना फक्त बुडण्याचा नको, आगीचाही आहे ना ते वाचा. जुन्या लाकडी बोटीचा विमा सहजी मिळत नाही, पाहणी करून घ्यावी लागते. विमा मिळतच नसेल तर निवृत्तीचे पैसे तिच्यात घालू नका. मी हे स्पष्ट बोलतो आहे, कुणाला राग येवो.

कागदपत्रं. नोंदणी, मासेमारीचा परवाना, दोन्हींवर इंजिनाचा नंबर तोच आहे का, हे प्रत्यक्ष इंजिनावर वाचून जुळवा. इंजिन बदललेलं असतं आणि कागद जुना असतो. जुन्या बोटी पुष्कळदा राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या योजनेतून, संस्थेमार्फत कर्ज घेऊन बांधलेल्या असतात. संस्थेचं आणि बँकेचं येणं बाकी नसल्याचं पत्र हातात आल्याशिवाय इसारही देऊ नये. २००८ साली मुंबईवरच्या हल्ल्यात अतिरेकी 'कुबेर' नावाच्या पळवलेल्या मासेमारी बोटीतून आले, तेव्हापासून किनाऱ्यावर तपासणी कडक झाली. ती योग्यच आहे. खलाशांची ओळखपत्रं नसतील तर बोट जेटीवरच राहते. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला एक लाख बोटींवर ट्रान्सपाँडर बसवायच्या योजनेची सुरुवात झाली. तुमच्या बोटीवर तो आहे का, चालतो का, विचारा. वायरलेस सेटवर १६ नंबरचं चॅनल संकटासाठी, आणि तटरक्षक दलाचा दूरध्वनी १५५४. हा आकडा केबिनमध्ये रंगाने लिहून ठेवा, कागदावर नको. कागद भिजतो.

आणि माणसं. बोट बघण्याआधी तांडेल बघा. मालक किनाऱ्यावर बसणारा असेल तर बोट त्याची नसतेच, तांडेलाची असते. खर्च वजा जाऊन उरलेल्याचे वाटे पडतात, मालकाचा किती आणि खलाशांचा किती हे बंदराबंदरावर वेगळं. आमच्या कोकणात आता खलाशी कर्नाटकातून येतात, ओडिशातून येतात, नेपाळचेही आहेत. ज्याने समुद्र पाहिला नव्हता तो हिमालयातला मुलगा जाळं ओढतो. त्याला लाइफ जॅकेट द्यायचं आणि घालायलाही लावायचं, हे मालकाचं काम आहे. इथे तेलुगू येत नसेल तर हिशोब दुसरा कुणीतरी तुमच्यासाठी करणार, हे धरून चाला.

मग आम्ही का ठेवली आहे, असं तुम्ही विचाराल. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळात आमच्या बोटीचा दोर तुटला आणि ती शेजारच्या बोटीवर आदळली. डाव्या कुशीच्या सहा फळ्या आणि दोन बरगड्या गेल्या. अंदाज चार लाखांच्या घरात. पुतण्या म्हणाला, "काका, हेच्यार अजून किती पैशे घालतलास? फायबरची घेवया." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. फायबरला किडा लागत नाही, सांधे भरावे लागत नाहीत, वजन कमी म्हणून डिझेल कमी. बावीस वर्षांच्या मुलाने पुढची तीस वर्षं बापाच्या बोटीची डागडुजी करत काढावी असं सांगायला मला तोंड नव्हतं. मी तर पगारदार, मला बोटीवर पोट भरायचं नाही.

मेस्त्रींना बोलावलं. सत्तरीच्या पुढचा माणूस, अर्धा दिवस बोटीखाली आडवा पडून होता. बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "पठाण शाबूत आसा. तो शाबूत आसा तवसर बोटीक काय होवचा नाय." दादा काही बोलला नाही. संध्याकाळी आम्ही तिघं हिशोबाला बसलो. नव्या बोटीला कर्ज काढावं लागलं असतं, आणि कर्जाचा हप्ता बंदीच्या ६१ दिवसांतही थांबत नाही. जुन्या बोटीवर कर्ज नाही, वाईट हंगामात ती नुसती उभी राहू शकते. हा तिचा एकच मोठा गुण, पण तो साधा नव्हे. शेवटी ठरलं ते असं: दुरुस्ती करायची, माझ्या वाट्याचा नफा पाच वर्षं उचलायचा नाही, तो पुतण्याच्या नावाने बाजूला टाकायचा. पाच वर्षांनी पठाण पुन्हा तपासायचा आणि निर्णय त्याने घ्यायचा, आम्ही नव्हे. विकायची वेळ आली तर इंजिन, गिअरबॉक्स आणि पंखा यांचे पैसे येतील. लाकडाचे काही येत नाहीत.

दादाला हे फारसं रुचलेलं नाही. त्याला वाटतं, बोट असेपर्यंत मुलगा घरी राहील. पुतण्या हिशोबाची वही मात्र स्वतः लिहायला लागला आहे. डिझेल, तास, फेरे, सगळं. परवा फोनवर त्याने मला घनाचं गणित तोंडपाठ म्हणून दाखवलं, आणि ते तांडेलाला कसं सांगायचं ते विचारलं.

इथे हार्बरवर कुणाला एखादी बोट बघायची असेल तर मी बरोबर येईन. रविवारी सकाळी, भरती-ओहोटी बघून वेळ ठरवू. हातोडी माझी, टोच्या माझा, तवा तुम्ही आणा. आरतीला अजून वीस मिनिटं आहेत असं सचिव खुणावत आहेत, तेव्हा काही विचारायचं असेल तर विचारा.